बायको नगराध्यक्षपदाला उभी आहे? मग नवऱ्याने हे करावं

आधी कागदपत्रं. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात नवऱ्याचीही मालमत्ता आणि कर्ज दाखवावं लागतं. तुमचे सातबारे, पासबुकं, सोसायटीचं कर्ज, विमा, गाडी, सोनं, सगळं एका फायलीत लावून ठेवा. घरात कुणाच्या नावावर पालिकेचा ठेका असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवा. छाननीच्या दिवशी धावपळ करून हाती काही लागत नाही.

मतदार यादीत तिचं नाव कसं आहे तेही बघा. माहेरचं आडनाव लावायचं की सासरचं, हे तिला ठरवू द्या. आपल्या प्रतिभाताई पाटील लग्नानंतरही माहेरचं पाटील आडनाव लावूनच एदलाबादमधून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून, लढल्या आणि 2007 मध्ये त्याच नावाने राष्ट्रपती झाल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जागा महिला राखीव निघाली की आपल्याकडे बॅनरवर नवरा हात जोडून मधोमध आणि उमेदवार कोपऱ्यात टिकलीएवढी. हे मला मनापासून खटकतं. आमच्या प्रचारात ओट्यावर बसलेल्या एका बाबांनी मला थेट विचारलं, "भाऊ, उभं कोन शे, तू का तुनी बायको?" मी पत्रक बायकोच्या हातात दिलं आणि मागे सरलो. तिने त्यांच्या सुनेला एवढंच विचारलं, "पाणी रात्री येतं का पहाटे? मोटर लावल्याशिवाय चढतं का?" सून बाहेर आली, शेजारणी जमल्या, आणि गल्लीची पाइपलाइन कुठे फुटलीय, कोणाच्या दारात गढूळ पाणी येतं, सगळं बाहेर पडलं. आमच्या घरात पाणी तीच भरते. मला यातलं निम्मंही विचारता आलं नसतं.

तेव्हा तुम्ही वही घ्या. ती आत चुलीपर्यंत जाईल, तुम्ही ओट्यावर थांबा. घरमालकाचं नाव, तक्रार, कोण नाराज, लिहून घ्या आणि रात्री तिला वाचून दाखवा. "करून देतो" हा शब्द तोंडातून काढू नका. "तिला सांगतो" म्हणा, आणि खरंच सांगा.

जिथे तिला दार उघडणार नाही, तिथे मात्र तुम्ही आधी जा: रुसलेले भाऊबंद, तुमचे जुने मित्र, विरोधी गटातले मामा. अमेरिकेत 1964 मध्ये कृष्णवर्णीयांना समान हक्क देणाऱ्या नागरी हक्क कायद्यामुळे दक्षिणेकडची राज्यं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर चिडली होती. तेव्हा त्यांच्या पत्नी लेडी बर्ड स्वतः रेल्वेने तिकडे प्रचाराला गेल्या. त्या मूळच्या टेक्सासच्या, त्या भागातल्याच. नात्याचा असा उपयोग होतो.

खर्च रोजचा रोज लिहा. थंडीत मळ्यात भरीत-पुरीचा बेत ठरतोच. कार्यकर्त्यांचं जेवण खर्चात दाखवा. मतांसाठी मतदारांना जेवू घालणं मात्र गुन्हा आहे, कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.

दळण, मुलांचे डबे, आईच्या गोळ्या, हे तिला न विचारता उरका.

आणि ती निवडून आली तर पालिकेत तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू नका. फाईल तिच्याकडे जाऊ द्या, सही तिला वाचून करू द्या, आणि कामासाठी कोणी तुम्हाला फोन केला तर तिचा नंबर द्या.