ऑइलफिल्डमधली पहिली नोकरी: अनुभव कमी असेल तर या चुका टाळा

मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्रांतलं तेल आणि काही वायू समुद्राखालच्या पाइपलाइनमधून उरणच्या प्लांटमध्ये येतो. प्लॅटफॉर्मवर लागणारं सामान न्हावा सप्लाय बेसवरून बोटींवर चढतं. जानेवारी २०२४ पासून लोकलही थेट उरणपर्यंत जाते. धंदा इतका जवळ असूनही कळवा, दिवा, ऐरोली, उलवे इथली आयटीआय झालेली कितीतरी मुलं त्यात शिरू शकत नाहीत. ती आधी कोर्सवर पैसे घालतात, मग एजंटवर, आणि दोन वर्षांनी डिलिव्हरीच्या कामाला लागतात. त्यांच्यात कष्टाची तयारी कमी नसते. क्रम चुकतो, आणि घरातली शिल्लक चुकीच्या जागी आधी संपते.

नोकरीआधीच महागडी सर्टिफिकेटं घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून हे नीट समजून घ्या.

समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर माणसं जुहूच्या हेलिबेसवरून हेलिकॉप्टरने जातात. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं, याचं प्रशिक्षण म्हणजे ह्युएट. तलावात केबिन बुडवतात, उलटी करतात आणि तुम्हाला खिडकीतून बाहेर यावं लागतं. त्याच्यासोबत आग विझवणं, प्रथमोपचार आणि समुद्रात तग धरणं आलं की त्याला बोसिएट म्हणतात. बोसिएटची मुदत चार वर्षं असते. प्रशिक्षण उत्तम आहे, जीव वाचवणारं आहे. पण ते हातात असलं म्हणून कुणी नोकरी देत नाही, कारण त्यातून तुम्हाला कुठलं काम येतं हे कळत नाही.

शिवाय एका कंपनीला बोसिएट लागतं, दुसरीला फक्त समुद्रात तग धरण्याचा छोटा कोर्स आणि ह्युएट पुरतं, तिसरी ठरावीक मान्यतेच्याच केंद्राचं सर्टिफिकेट मानते. आधीच घेतलेलं सर्टिफिकेट नेमकं चालत नाही आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. म्हणून निवड होऊ द्या, मग कंत्राटदाराला विचारा: कुठलं सर्टिफिकेट, कुठल्या केंद्राचं, आणि खर्च कुणाचा? बरेच कंत्राटदार निवडलेल्या माणसाला स्वतःच पाठवतात.

वेल कंट्रोलच्या सर्टिफिकेटबद्दल तर कळकळीने सांगतो. आयडब्ल्यूसीएफ हे विहिरीतला दाब सांभाळणाऱ्या ड्रिलर, असिस्टंट ड्रिलर, टूलपुशर यांच्यासाठी आहे. रिगच्या, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेच्या, डेकवर सामान उचलणाऱ्या, साफसफाई, रंगकाम करणाऱ्या नव्या माणसाला, म्हणजे रौस्टाबाउटला, त्याचा उपयोग नाही. "हा कोर्स करा, थेट ड्रिलिंगमध्ये लागाल" असं सांगणाऱ्याच्या क्लासमधून उठून घरी या.

पैसे घालायचेच असतील तर ट्रेडवर घाला. वेल्डर असाल तर ६-जी पोझिशनमध्ये, म्हणजे तिरप्या बसवलेल्या पाइपवर, वेल्डिंगचा सराव करा. त्या टेस्टमध्ये उतरणाऱ्या मुलाला अनुभव किती हे फार कुणी विचारत नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा असेल तर एनडीटी (वस्तू न तोडता केलेली तपासणी) लेव्हल टूचा विचार करा. फिटर असाल तर रिगिंग शिका: स्लिंग कशी तपासायची, शॅकलवर लिहिलेला भार कसा वाचायचा, क्रेनवाल्याला हाताने इशारे कसे द्यायचे.

फक्त "ऑफशोअर" (समुद्रातली) आणि फक्त "पर्मनंट" नोकरी धरून बसणं

सागर सम्राट रिगने १९७४ मध्ये मुंबई हायवर तेल शोधलं आणि १९७६ पासून तिथून उत्पादन सुरू आहे. खाऱ्या हवेत पन्नास वर्षं होत आलेल्या क्षेत्राला सतत देखभाल लागते. गंज काढणं, रंग, स्कॅफोल्डिंग, पाइप आणि व्हॉल्व बदलणं, क्रेन, जेवणघर, स्टोअर अशी ही कामं. ती बहुतेक कंत्राटदारांकडून होतात. तेल कंपनीच्या खाली ड्रिलिंग कंत्राटदार, त्याच्या बाजूला सर्व्हिस कंपन्या आणि सगळ्यात खाली मनुष्यबळ पुरवणारे. नवा माणूस सहसा या शेवटच्या पायरीवरून आत येतो. त्यात कमीपणा काही नाही. तिथे टिकलेला मुलगा दोन-तीन कंत्राटांत वर सरकलेला दिसतो.

दुसरं दार जमिनीवरच्या रिगचं आहे आणि आपल्याकडची मुलं त्याकडे बघतच नाहीत. कारण महाराष्ट्रात तशा रिग नाहीत, घर सोडावं लागतं. मेहसाणा, अंकलेश्वर, बाडमेर, शिवसागर, राजमहेंद्री इथे विहिरी खोदणं आणि जुन्या विहिरी दुरुस्त करणं चालू असतं. तिथे हेलिकॉप्टर नाही, त्यामुळे ह्युएटचा प्रश्न नाही. जमिनीवरची तेलविहीर कायद्याने खाणीत मोडते, म्हणून खाणकामगारांचं व्हीटी (व्यावसायिक) प्रशिक्षण आणि ठरलेली वैद्यकीय तपासणी लागते. ते करून घेणं मालकाचं काम आहे. वसई रोडला गाडी धरली तर अंकलेश्वर काही तासांवर आहे. तिथे वर्षभर रिगच्या फ्लोअरवर पाइप जोडले असतील, तर पुढच्या वेळी ऑफशोअरच्या मुलाखतीत तुम्ही नवखे राहत नाही.

अठरा ते चोवीस वयाच्या मुलांनी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीची अॅप्रेंटिस जाहिरात चुकवू नये. निवड पात्रता परीक्षेतल्या गुणांवर होते, स्टायपेंड मिळतो. नंतर नोकरी मिळेलच असं मात्र नसतं, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते: दुसरीकडे एकदा अॅप्रेंटिसशिप पूर्ण केली की सहसा पुन्हा बसता येत नाही. म्हणून जवळच्या गाळ्यात "करून टाकू" म्हणून नाव नोंदवण्याआधी थांबून विचार करा.

सीव्हीवर "फ्रेशर" लिहून मोकळं होणं

तुर्भे, महापे, रबाळे, तळोजा, अंबरनाथच्या एमआयडीसीत सहा महिने जरी काम केलं असेल तरी तुम्ही फ्रेशर नाही. केमिकल प्लांटच्या शटडाऊनला हेल्पर होतात? मग फ्लँज उघडली असेल, गॅस्केट बदलली असेल, टाकीच्या तोंडावर, आत उतरलेल्यावर लक्ष ठेवत, होल वॉच म्हणून उभे राहिले असाल. हेच काम प्लॅटफॉर्मवरही आहे. जेएनपीटीच्या बाजूला लिक्विड टर्मिनलवर होज जोडले असतील, माहुलच्या रिफायनरीत कंत्राटी स्कॅफोल्डर असाल, तर ते ठळक लिहा.

आणि "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा" या ओळी काढून टाका. त्याऐवजी कुठल्या यंत्रावर, कुठल्या मापाच्या पाइपवर, कुठल्या परमिटखाली, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीखाली, काम केलं ते लिहा. "पंपाची ग्लँड पॅकिंग बदलली, अलाइनमेंटला मदत केली" ही एक ओळ वाचून फोरमनला तुम्ही डोळ्यांसमोर दिसता. केलं नसेल ते लिहू नका. मुलाखत घेणारा माणूस स्वतः रिगवर राहिलेला असतो आणि दुसऱ्या प्रश्नाला खोटं उघडं पडतं.

कॉलच येत नसेल तर आणखी एक तपासा. सर्टिफिकेटांचे तिरपे, अंधारे फोटो वीस वेगवेगळ्या मेसेजमध्ये पाठवताय का? सगळं एका पीडीएफमध्ये घ्या आणि फाइलला स्वतःचं नाव, ट्रेड द्या.

पावसाळ्यात अर्ज करून निराश होणं

पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातलं बांधकाम आणि मोठी दुरुस्ती पावसाळ्याबाहेर उरकतात. गणपती झाले की कंत्राटदार माणसं जमवायला लागतात. जून-जुलैत फोन आला नाही म्हणून हा नाद सोडू नका. तो काळ कागदपत्रं आणि ट्रेड टेस्टसाठी वापरा.

कागदांत आणि मेडिकलमध्ये अडकणं

दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाचं वेगळं स्पेलिंग. निवड झालेल्या मुलाचा गेटपास एवढ्यावरून अडतो आणि तोवर त्याच्या जागी दुसरा बोटीवर चढतो. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करायला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा. पासपोर्टही आधीच काढून ठेवा. ठाण्यात वागळे इस्टेटला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पोलीस पडताळणीत पत्ता जुळत नसेल तर भाडेकरार नोंदवलेला ठेवा.

मेडिकलला रक्तदाब, साखर, वजन, ऐकू येणं आणि रंगांची ओळख बघतात. रंगांधळेपणा असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंटच्या कामाला अडचण येते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही तपासणी काही मिनिटांत होते, मग ती कोर्सची फी भरण्याआधीच का करू नये? रक्तदाब जास्त निघाला तर लपवू नका, उपचार सुरू करून नियंत्रणात आणा आणि पुन्हा जा. किनाऱ्यापासून इतक्या लांब छातीत दुखायला लागलं तर लगेच रुग्णालय गाठता येत नाही.

एजंटला पैसे देणं

सीबीडी बेलापूर, वाशी, ठाणे स्टेशनच्या आसपास चार खुर्च्यांचं ऑफिस, भिंतीवर रिगचा फोटो, टेबलावर "ओएनजीसी पर्मनंट" किंवा "गल्फ, दीड महिन्यात व्हिसा". आईचे दागिने गहाण ठेवून पैसे भरलेली घरं या भागात आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

सरकारी कंपनीची भरती जाहिरातीनेच होते आणि जाहिरात तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर असते. ऑफर लेटर जीमेलवरून आलं, "परत मिळणारं डिपॉझिट" मागितलं किंवा पैसे कुणाच्या खासगी खात्यावर भरायला सांगितले, तर पुढे बोलूच नका.

परदेशातल्या नोकरीसाठी एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत असायला हवा. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर स्वतः शोधा, त्याने दाखवलेल्या छापील कागदावर जाऊ नका. त्याला घेता येणारं शुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच आहे, आणि पावती मिळालीच पाहिजे. "आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ" म्हणाला तर ते काम बेकायदा ठरतं आणि अडकलात तर पगारही मागता येत नाही. जहाजावर किंवा ऑफशोअर बोटीवर खलाशी म्हणून लावणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंगचा (सरकारच्या जहाज खात्याचा) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो, आणि तिला उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेताच येत नाहीत.

मुलाखतीत "काहीही करीन" म्हणणं

हे उत्तर ऐकायला नम्र वाटतं, पण समोरच्याला धोका दिसतो. जो काहीही करायला तयार, तो परमिटशिवायही काम करेल. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थच्या आगीत एक अख्खा प्लॅटफॉर्म गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगार राहत असलेला पी-३०५ बार्ज बुडाला, आणि त्यात गेलेल्यांत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने होते. हे लक्षात ठेवून तयारी करा. हॉट वर्क (आग-ठिणगीच्या कामाचं) परमिट कशासाठी, बंदिस्त जागेत उतरण्याआधी हवेत काय मोजतात, एच-टू-एस या विषारी वायूचा अलार्म वाजला तर कुठल्या दिशेला जायचं, आणि काम थांबवण्याचा हक्क कुणाला आहे? शेवटच्याचं उत्तर: प्रत्येकाला, अगदी पहिल्या दिवशीच्या हेल्परलाही.

तुम्हीही विचारा. किती दिवस आत, किती दिवस घरी? बारा तासांच्या ड्युटीचा ओव्हरटाइम धरलाय का? घरी असताना पगार मिळतो का? विमा किती, आणि वारस म्हणून कुणाचं नाव लागेल? चांगला कंत्राटदार या प्रश्नांनी चिडत नाही.

नोकरी लागली की पहिल्या महिन्यातच यूएएन नंबर घ्या आणि पीएफ जमा होतोय का ते पासबुकात बघा. प्रत्येक कंत्राट संपताना, बोटीवरून उतरण्याआधी, अनुभवाचं पत्र मागून घ्या. त्यात ट्रेड, प्लॅटफॉर्म किंवा रिगचं नाव आणि तारखा असू द्या. कंत्राट बंद झाल्यावर साइट ऑफिसचे लोक पांगतात आणि ते पत्र द्यायला कुणी सापडत नाही.