ब्रशने रंगवलेल्या रांगड्या अक्षरांचा मराठी फॉन्ट कसा करावा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा सोबतच्या बडग्यांवर (छोट्या पुतळ्यांवर) लावलेल्या फलकांची अक्षरं नीट बघा. जाड ब्रशने एका दमात ओढलेली, कडा फाटलेल्या, रंग कुठे दाट तर कुठे विरळ. मथळ्याला, बॅनरला असाच जोरकस फॉन्ट हवा.

आधी अक्षरं रंगवा. अर्धा इंची चपटा ब्रश, काळा पोस्टर कलर आणि कार्ट्रिज पेपर एवढं पुरे. अक्षर सहा-सात सेंटिमीटर उंच ठेवा. रंग घट्ट ताकाइतका असू द्या आणि ब्रश फडक्यावर थोडा टिपून घ्या. म्हणजे रेघ संपताना केसांचे ओरखडे उमटतात. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे गेला की रंग वाटीतच सुकतो, तेव्हा हे काम सकाळी उरका. प्रत्येक अक्षर तीनदा तरी काढा. र, त, क आणि काना यांचे दोन-दोन नमुने राखा, कारण एकच ओरखडा शब्दात दोनदा दिसला की हाताचं काम खोटं वाटतं.

अक्षरं ६०० डीपीआयला स्कॅन करून इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ट्रेस करा, म्हणजे त्यांची बाह्यरेषा काढा, आणि फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये आणा. दोन्ही फुकट आहेत. कडा गुळगुळीत करण्याचा मोह आवरा.

खरी कसोटी शिरोरेषेची. फाटक्या टोकाची रेघ पुढच्या अक्षराला भिडली की मध्ये फट राहते आणि शब्द तुटतो. म्हणून ओरखडे रेघेच्या मधल्या भागात, वरच्या-खालच्या कडांना ठेवा. दोन्ही टोकं मात्र सगळ्या अक्षरांत एकाच उंचीवर, एकाच जाडीची आणि भरीव हवीत. फॉन्टफोर्जमध्ये अक्षर ज्या १००० एककांच्या चौकटीत मापतात, तिच्या हिशोबाने ती टोकं रुंदीबाहेर १५-२० एककं जाऊ द्या, म्हणजे शेजारची रेघ तिच्यावर चढते. शब्दाच्या शेवटी फाटकं टोक हवंच असेल, तर त्या अक्षराचं वेगळं रूप करून संदर्भानुसार बदलण्याचा नियम फॉन्टमध्ये घाला.

शिंतोडे डोळ्यात तेल घालून तपासा. शिरोरेषेवर उडालेला ठिपका अनुस्वार म्हणून वाचला जातो, ड-ढ खालचा नुक्ता म्हणून. बाकीचे शिंतोडे खुशाल राहू द्या, रंगत तिथेच आहे.

स्वर-व्यंजनांवर थांबू नका. अर्धी अक्षरं, रफार, क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, शिवाय ॲ आणि ऑ लागतीलच. ल आणि श मराठी वळणाचेच काढा. ‘दुसऱ्या’ लिहून बघा. त्यातला अर्धा र नीट जुळला नाही तर फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

शेवटी ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी टाइप करा. वेलांट्या, मात्रा, काने सगळं एका ओळीत तपासून होतं. ती कागदावर मोठी छापून रस्त्यापलीकडून वाचा. ३६ पॉइंटच्या खाली हा फॉन्ट वापरू नका, ओरखडे बुजून अक्षर मळकट दिसतं. आणि अक्षरं एखाद्या पेंटरकडून रंगवून घेतली असतील, तर त्यांचा मोबदला आणि लेखी परवानगी आधी, फॉन्ट नंतर.