बॅटरी उलटी लागली? ईसीयू बदलायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात वारज्याला माझ्याकडे अशा दोन-चार गाड्या येतातच. बॅटरी उतरली म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप मारायला गेले, सोसायटीच्या पार्किंगमध्ये अंधार, वरून पाऊस, एका हातात मोबाईलचा टॉर्च, आणि लाल क्लिप लागली मायनसला. मोठी ठिणगी उडते आणि गाडी एकदम गप्प. मागच्या जुलैत धायरीचे एक काका गाडी टो करून घेऊन आले, त्यांना आधीच एका ठिकाणी बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलेलं की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेला, नवीन टाका. काकांचा चेहरा बघवत नव्हता. मी उघडून बघितलं तर ८० अँपिअरचा मेन फ्यूज मधोमध वितळलेला आणि अल्टरनेटरची (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) डायोड प्लेट शॉर्ट, ईसीयूला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

बरेच जण म्हणतात, अहो पण चावी बंदच होती. त्याने फरक पडत नाही. अल्टरनेटरची जाड वायर मेन फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला कायम जोडलेली असते, चावीचा तिथे संबंधच नाही. आतले डायोड एका बाजूनेच करंट सोडतात, बॅटरी सरळ असली की बॅटरीतून उलटा करंट जाऊ देत नाहीत, पण बॅटरीच उलटी लावली की सगळं दार सताड उघडं, शेकडो अँपिअर थेट त्यातून धावतात. मग एकतर फ्यूज उडतो नाहीतर डायोड जळतात, कधी कधी दोन्ही.

पहिली चूक इथेच होते, बॅटरी सरळ करून लोक लगेच सेल्फ मारून बघतात. थांबा. आधी मायनसची केबल काढून ठेवा, दहाचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. बॅटरी फुगलीय का, ॲसिड बाहेर आलंय का बघा, तसं असेल तर तिला चार्ज लावायच्या भानगडीत पडू नका. मग मल्टीमीटर लावा, चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह आलं आणि पिना बरोबर लावलेल्या असतील तर बॅटरीच उलटी चार्ज झालीय, पार उतरलेल्या बॅटरीला चार्जर उलटा लावला की असंही होतं.

दुसरी चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते, फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी मोठा फ्यूज टाकायचा किंवा सरळ वायर गुंडाळायची. अरे बाबांनो, त्या फ्यूजने गाडी वाचवली! आत शॉर्ट तसाच असेल तर पुढच्या वेळी वायरिंग पेटेल. नवीन फ्यूज टाकलात तरी बॅटरी थेट जोडू नका, ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या आणि बॅटरीचा मायनस आणि मायनसची केबल यांच्यामध्ये लावा, सगळं बंद आणि दारं लावलेली. बल्ब क्षणभर पेटून विझला किंवा जेमतेम मिणमिणला तर ठीक, फुल पेटून राहिला तर शॉर्ट आहे आणि पहिला संशय अल्टरनेटरवर.

अल्टरनेटर बघायचा तर बॅटरी सोडवलेली असतानाच त्याची जाड प्लस वायर काढा, मीटर डायोडच्या सेटिंगवर ठेवा, लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि काळी ती वायर जिथून काढली त्या बोल्टला. साधारण ०.८ ते १ व्होल्ट दाखवायला हवं, कारण दोन डायोड एकामागे एक येतात, आणि पिना उलट केल्या की मीटर काहीच वाचायला नको. दोन्हीकडून शून्याच्या जवळ आलं तर डायोड प्लेट गेली. प्लेट वेगळी मिळते, नाना पेठेत विचारा, प्रत्येक वेळी अख्खा अल्टरनेटर घ्यायची गरज नसते.

ईसीयूवर शेवटी या. चावी ऑन केल्यावर चेक इंजिन लाइट लागतो का, स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले एरर कोड वाचायचं यंत्र, बोलतो का? स्कॅनर चालूच होत नसेल तर तो जिथे लावतो त्या सॉकेटच्या १६ नंबर पिनला १२ व्होल्ट येतायत का बघा, बऱ्याचदा तिथला छोटा फ्यूजच उडालेला असतो. ईसीयूचा फ्यूज टाकल्या टाकल्या परत उडत असेल तर मात्र आतला संरक्षणाचा डायोड शॉर्ट झालेला असू शकतो, बोर्ड रिपेअर करणारा चांगला माणूस तो बदलून देतो.

गाडी चालू झाली की चार्जिंग १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवं. चेक करायला चालू गाडीचं टर्मिनल काढून बघायची जुनी सवय आहे ना, ती आत्ताच्या गाड्यांना अजिबात नको, व्होल्टेज एकदम उसळतं आणि वाचलेला ईसीयू तेव्हा जातो. मग गाडी चालू असतानाच मीटर एसी व्होल्टच्या सेटिंगवर टाकून बॅटरीवर बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर एखादा डायोड अजून खराब आहे. आणि रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चालू करायच्या आधी अल्टरनेटरला हात लावा, कोमट लागला तर डायोडमधून करंट गळतोय. काकांना मी हेच सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन, "गार आहे रे, एकदम गार."

नवीन बॅटरी घेताना जुनीच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघून घ्या, ३८बी२०एल आणि ३८बी२०आर दिसायला सारख्याच, पण प्लस-मायनसची जागा उलटी. दुकानातल्या पोराने आर दिली आणि केबल ओढून-ताणून पोचवली की बॅटरी परत उलटी लागली. प्लस-मायनसची खूण पुसली गेली असेल तर दोन्ही पोस्ट बोटांनी चाचपा, जाड असते ती प्लस.