कृषी विज्ञान केंद्राच्या बातम्या : वाचताना आणि पुढे पाठवताना या चुका टाळा

मे महिना लागला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेजचा पाऊस आधी पडतो, खरा पाऊस मागाहून येतो. विद्यापीठाचं नवं वाण आलं. अमुक डॉक्टर केंद्राचे नवे प्रमुख झाले, हार्दिक अभिनंदन. मेळावा अमुक तारखेला, जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे. यात धादांत खोटं फारसं नसतं. बहुतेक वेळा बातमी खरीच असते, फक्त ती दुसऱ्या जिल्ह्याची असते, मागच्या वर्षाची असते, नाहीतर अर्धी कापलेली असते. हंगामाच्या तोंडावर जो घोळ होतो तो या अर्ध्या बातम्यांनी होतो. म्हणून कुठलीही बातमी पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी शोधायच्या : कोण सांगतंय, कुठल्या भागासाठी सांगतंय आणि कधीपर्यंत लागू आहे.

सगळी केंद्रं एकाच मालकाची समजणं

देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झालं, तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. डॉ. मोहनसिंह मेहता समितीने शेतकऱ्यांना काम करता करता शिकवणाऱ्या केंद्रांची शिफारस केली होती, तिच्यातून ही साखळी उभी राहिली. आपल्याकडे डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर १९७६ साली गोखले एज्युकेशन सोसायटीचं केंद्र आलं. आज देशात ७३१ केंद्रं आहेत. महाराष्ट्रातली ५०, गुजरातची ३० आणि गोव्यातली २ अशा ८२ केंद्रांवर पुण्याच्या ‘अटारी’ची देखरेख असते. अटारी म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, आयसीएआरची, विभागीय संस्था. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात तिचं कार्यालय आहे.

पैसा आयसीएआरचा, पण घर प्रत्येकाचं वेगळं. काही केंद्रं कृषी विद्यापीठांची आहेत. बारामतीचं ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं, नारायणगावचं ग्रामोन्नती मंडळाचं, जालन्याजवळच्या खरपुडीचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचं. नागपूरचं केंद्र कापूस संशोधन संस्थेकडे आहे, तर उत्तर गोव्याचं जुन्या गोव्यातल्या आयसीएआरच्या संस्थेकडे.

हे ठाऊक नसलं की मग ‘साहेबांची बदली करा’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन जातं. ट्रस्टच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाची बदली जिल्हाधिकारी करणार तरी कशी? त्याहून नेहमीची चूक अनुदानाची. ठिबक, पेरणीयंत्र, फवारणी पंप यांचं अनुदान कृषी विभागाकडून मिळतं, त्याचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा आणि चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायची. केंद्राचं काम शेतावरच्या चाचण्या, पीक प्रात्यक्षिकं, प्रशिक्षण, माती-पाणी परीक्षण, थोडंफार बियाणं आणि रोपं एवढं आहे. ‘केंद्रात अर्ज सुरू झाले’ असा मेसेज आला तर आधी विचारा, कशाचे अर्ज? प्रशिक्षणाचे असतील तर खरे असू शकतात. अनुदानाचे म्हणत असतील तर मेसेज तिथेच थांबवा.

खुर्ची आणि माणूस यांची गल्लत

नेमणुकीच्या बातम्या शेतकऱ्याच्या उपयोगाच्या नाहीत असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. केंद्राचा प्रमुख फळबागेचा माणूस असला की पुढची दोन-तीन वर्षं फळबागेचे कार्यक्रम वाढलेले दिसतात. पशुविज्ञानाचा आला की मुरघासाचे, म्हणजे हिरवा चारा साठवून ठेवण्याचे. पण बातमी नीट वाचली तरच हे कळतं.

२०२५ चं उदाहरण घ्या. आयसीएआरचे महासंचालक डॉ. हिमांशू पाठक हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचे महासंचालक म्हणून गेले आणि एप्रिलमध्ये डॉ. मांगी लाल जाट आयसीएआरचे महासंचालक झाले. ते आले कुठून, तर इक्रिसॅटमधून. दोन नावं, त्याच दोन संस्था, दिशा उलट. ही बातमी पुढे पाठवताना कोण कुठे गेलं याची सरमिसळ व्हायला एक ओळ गाळली तरी पुरते. आणखी एक, आयसीएआरचा महासंचालक हाच केंद्र सरकारच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागाचा सचिव असतो. ‘दोन पदं मिळाली’ ही त्यात वेगळी बातमी नसते.

राज्यात कृषी विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात आणि कुलगुरूंची नेमणूक तेच करतात. एका विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपली की पुष्कळदा शेजारच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. मथळ्यात ‘नवे कुलगुरू’ छापून येतं आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ हे शब्द आत तिसऱ्या परिच्छेदात असतात. सत्काराचा हार घेऊन जाणाऱ्यांनी तिसरा परिच्छेद वाचावा. विस्तार शिक्षण संचालक हे पदही असंच दुर्लक्षित राहतं. विद्यापीठाच्या केंद्रांचा, मेळाव्यांचा, बियाणे विक्रीच्या नियोजनाचा रोजचा संबंध त्या खुर्चीशी असतो, कुलगुरूंशी तितका नसतो.

आणि पत्र लिहायचं तर नावाने लिहू नका, पदाच्या नावाने लिहा : ‘वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख, कृषी विज्ञान केंद्र’. पूर्वी याच पदाला कार्यक्रम समन्वयक म्हणत. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या फॉरवर्डमध्ये ते अजून सापडतं. साहेब निवृत्त झाले तरी पदाच्या नावाचं पत्र आवक रजिस्टरला लागतं. नावाचं पत्र साहेबांच्या मागे हिंडत राहतं.

‘नवं वाण आलं’ म्हणजे बियाणं दुकानात आलं, असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

११ ऑगस्ट २०२४ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ६१ पिकांची १०९ वाणं प्रसारित झाली. ४ मे २०२५ ला जनुक संपादन केलेल्या भाताची दोन वाणं जाहीर झाली, ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’. दोन्ही वेळा कृषी सेवा केंद्रात, म्हणजे बी-खतांच्या दुकानात, लगेच विचारणा सुरू झाली आणि या गर्दीतच नावासारखी नावं छापलेल्या पिशव्यांचं फावतं.

वाण शेतापर्यंत येतं कसं ते पाहा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत बसतात. सगळे तिला ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथे नवी वाणं, अवजारं आणि तंत्रज्ञानाच्या शिफारशी मांडल्या जातात, भांडल्या जातात आणि मंजूर होतात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो. पण वाणाला पुढे राजपत्रातली अधिसूचना लागते. मग पैदासकार बियाणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित. प्रत्येक पायरीला एक हंगाम. म्हणजे आजच्या मथळ्यातलं बियाणं हातात भरपूर यायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

पिशवी हातात आली की नावाआधी तिला शिवलेली चिठ्ठी बघा. पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी, सत्यतादर्शकची हिरवी. चिठ्ठीवर लॉट नंबर, उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख असते. हिरवी चिठ्ठी म्हणजे खराब माल असं मुळीच नाही, विद्यापीठंही सत्यतादर्शक बियाणं विकतात. फक्त त्यातल्या गुणवत्तेचा शब्द विकणाऱ्याचा असतो, बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा नसतो. आणि ‘नवं वाण, प्रमाणित’ असं तोंडी सांगून हिरव्या चिठ्ठीची पिशवी पुढे केली, तर घेणाऱ्याने तिथेच थांबावं.

वाणाच्या नावातच त्याचं गाव असतं, तेही वाचायला शिका. ‘फुले’ लागलं की राहुरी : सोयाबीनचं फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं. ‘एमएयूएस’ म्हणजे परभणी. तुरीचं ‘बीडीएन ७११’ बदनापूरचं. ‘पीडीकेव्ही’ म्हणजे अकोला. गाव वेगळं म्हणून वाण आपल्याकडे चालणारच नाही असं नव्हे. परंतु शिफारशीत जमीन, पाऊस, पेरणीची वेळ हे सगळं लिहिलेलं असतं आणि फॉरवर्डमधून नेमकी तीच ओळ गळते. उरतं ते ‘एकरी इतके क्विंटल’.

मूळ विद्यापीठातून बियाणं घ्यायचं तर तारखा लक्षात ठेवा. परभणीच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे, त्याच सुमारास खरिपाचा मेळावा. रब्बीचा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने. रांग पहाटे लागते. उपलब्ध बियाण्याची यादी आधी जाहीर होते, ती बघूनच निघा.

सल्ल्यातला एक ठिपका

केंद्राचा फवारणीचा सल्ला ‘प्रति १० लिटर पाणी’ असा असतो. पंप १५ किंवा २० लिटरचा असतो. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी इमामेक्टीन बेन्झोएट ५ एसजी ४.४ ग्रॅम प्रति १० लिटर हे नेहमीचं प्रमाण. १५ लिटरच्या पंपाला ते ६.६ ग्रॅम होतं. हाच मेसेज कुणीतरी हाताने टाइप करतो, दशांशचिन्ह गळतं आणि ४४ ग्रॅम होतं. दुसरा कुणी ‘१० लिटर’ काढून ‘प्रति पंप’ लिहितो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन जीव गेले, हे विसरून असले मेसेज फिरवायचे नसतात. सल्ला टाइप करू नका. मूळ पत्रकाचा फोटो किंवा पीडीएफ पाठवा, ज्यावर केंद्राचं नाव आणि तारीख दिसते.

हवामानाच्या सल्ल्यात आणखी एक खाच आहे. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये चालणारे जिल्हा कृषी हवामान घटक (युनिट), देशभरातले १९९, २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. त्यांचे ग्रुप मात्र मोबाइलमध्ये तसेच राहिले आणि त्यांवर आता कुणीही काहीही टाकतं. विद्यापीठांमधले विभागीय घटक चालू आहेत, त्यांचं पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. त्यावर पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. सहाव्या दिवशी ते रद्दीच.

बातमी लिहिणाऱ्यांसाठी

केंद्रातून पेपरला जाणारी प्रेसनोट साधारण अशी असते : ‘सोयाबीन बीजप्रक्रिया व उगवणक्षमता चाचणी प्रशिक्षण उत्साहात संपन्न. अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख अतिथी तमुक, दीपप्रज्वलनाने सुरुवात, प्रास्ताविक यांनी, सूत्रसंचालन त्यांनी, आभार ह्यांनी.’ आठ नावं, एक फोटो आणि फोटोत पाठमोरे शेतकरी. चाचणी कशी करायची ते कुठेच नाही.

तेवढ्याच जागेत हे बसतं : ‘घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर हेक्टरी ७५ किलो बियाणं पुरे. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका.’ खाली केंद्राचं नाव, विषयतज्ज्ञाचं पद आणि तारीख. पाहुण्यांची नावं शेवटी घाला, उपसंपादकाने कापली तरी बिघडत नाही. ही वाक्यं कापली गेली तर बातमीच उरत नाही.

बातमीत वर्ष न लिहिणं ही दुसरी खोड. ‘येत्या १८ तारखेला’ एवढंच लिहिलेला मेळावा पुढची तीन वर्षं व्हॉट्सॲपवर भरत राहतो. महिना आणि वर्ष, दोन्ही लिहा.

भरतीची बातमी

थोडक्यात सांगतो. केंद्रातली पदं ज्या संस्थेचं केंद्र तीच भरते. जाहिरात वर्तमानपत्रात आणि त्या संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते. ‘देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत हजारो जागा, नोंदणी शुल्क या नंबरवर पाठवा’ असला मेसेज आला की यजमान संस्थेचं नाव शोधा. ते सापडत नाही आणि पैसे मात्र एखाद्या खाजगी खात्यात मागितलेले असतात.

जी बातमी कुणी पाठवतच नाही

प्रत्येक केंद्राची शास्त्रीय सल्लागार समिती असते. तिच्या बैठकीत मागच्या वर्षाच्या कामाचा हिशेब मांडला जातो आणि पुढच्या वर्षी कुठल्या तालुक्यात कुठल्या पिकाची किती प्रात्यक्षिकं घ्यायची ते ठरतं. विद्यापीठाचे, अटारीचे, कृषी विभागाचे लोक तिथे असतात आणि प्रगतशील शेतकरी व महिला शेतकरीही सदस्य असतात. पेपरात याची बातमी येते ती ‘बैठक संपन्न’ एवढीच. आपल्या तालुक्यातून या समितीवर कोण आहे ते केंद्रात विचारा, नाव लगेच सांगतात. बैठकीच्या आधी त्यांना गाठा आणि गावाची अडचण लिहून द्या : खोडमाशी, क्षारपड, बोंडअळी, जे असेल ते. बैठक झाल्यावर इतिवृत्त मागा. त्यात आपलं गाव आलं नसेल, तर पुढच्या बैठकीची तारीख लिहून घ्या.