सिग्नलजवळ बंद पडणारे इंजिन आणि गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर

माझी जुनी पेट्रोल गाडी उभी असताना ८०० आरपीएमवर शांतपणे चालत असे; मात्र वेग कमी करत क्लच दाबला की आरपीएम एकदम कोसळून इंजिन बंद पडे. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून झाली, प्लगही बदलले, पण उपयोग शून्य. खरा धागा स्पीडोमीटरच्या थरथरणाऱ्या काट्यात होता, आणि स्कॅनरवर पी०५०० हा स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा कोडही आला.

गाडी चालती आहे की उभी, हे ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) गिअरबॉक्सवरील स्पीड सेन्सरवरून ठरवतो. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर तो आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) थोडे चढे ठेवतो, आणि संकेत मधेच तुटला तर गाडी थांबल्याचे समजून इंजिनाला मिळणारी हवा वेळेआधीच कमी करतो. गाडी जॅक स्टँडवर नीट टेकवून, इग्निशन चालू व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मी पुढचे चाक हाताने फिरवले, तेव्हा मल्टिमीटरवर सेन्सरच्या संकेताच्या तारेचे व्होल्टेज वरखाली व्हायला हवे होते. ते अधूनमधून गायब होत होते. सेन्सरच्या कनेक्टरमधील पिनेवर हिरवा गंज चढला होता. सेन्सर निर्दोष असल्याने मी केवळ पिन बदलली, कोड पुसला, आणि तेव्हापासून सिग्नलला इंजिन बंद पडलेले नाही.