४६३एल पॅलेट आणि विमानातला माल: बांधणी, वजन, साखळ्या

लष्करी मालवाहू विमान धावपट्टीवर तासन्‌तास अडकून पडतं ते अनेकदा पॅलेटमुळे, म्हणजे माल रचून बांधायच्या सपाट पाटामुळे, किंवा गाडीमुळे. जाळी सैल असते, वजन चुकीचं लिहिलेलं असतं किंवा गाडीवर गुरुत्वमध्याची खूण नसते. विमानाच्या दारात या चुका सुधारायला जागाही नसते आणि वेळही. म्हणून खरं काम आवारातच संपवायचं असतं. इथे दिलेली पद्धत अमेरिकी हवाई दलाच्या ४६३एल पॅलेटची आहे. भारतीय हवाई दलाच्या हिंडनच्या सी-१७ आणि सी-१३०जे विमानांतले रोलर आणि रेलही याच मापाचे असतात. आकडे पौंड आणि इंचांतच ठेवले आहेत, कारण पॅलेटवर आणि तक्त्यांत तेच छापलेले असतात.

पॅलेट हातात घेताना

पॅलेट १०८ × ८८ इंच, जाडी सव्वादोन इंच. आत बाल्सा लाकूड, वर-खाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. रिकामं वजन २९० पौंड. दोन बाजूच्या जाळ्या आणि एक वरची जाळी धरून ३५५. कडेला २२ कड्या असतात, लांब बाजूंना सहा-सहा आणि आखूड बाजूंना पाच-पाच. प्रत्येक कडीची ताकद ७,५०० पौंड.

आधी पत्रा बघा. भोक किंवा चीर असेल तर आत पाणी शिरतं, बाल्सा कुजतं आणि पॅलेट वाकतं. पत्रा हाताने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तो लाकडापासून सुटला आहे. कडेच्या खाचा नीट तपासा. विमानातली कुलपं तिथेच बसतात, आणि चेपलेल्या खाचेत कुलूप अर्धवटच बसतं. कडी सहज फिरली पाहिजे.

पॅलेट थेट जमिनीवर ठेवू नका. खाली ४ × ४ इंची, ८८ इंच लांबीचे तीन वासे टाका: दोन टोकांना, एक मध्ये. वासे नसले तर फोर्कलिफ्टचे दात खाली जात नाहीत. मग कोणीतरी ते जबरदस्तीने घुसवतो आणि पत्रा फाटतो. भंगारात जाणारी कित्येक पॅलेटं अशीच गेलेली असतात.

माल रचताना

कडेने सगळीकडे दोन इंच मोकळे सोडा. वापरायची जागा १०४ × ८४ इंचच. जड खोकी खाली आणि मध्यावर, हलकी वर, लेबलं बाहेरच्या बाजूला. सी-१७ आणि सी-१३०मध्ये उंचीची मर्यादा ९६ इंच, पण सी-१३०च्या रॅम्पवर (मागच्या उतरत्या दारावर) ठेवायच्या पॅलेटला ७६ इंचच. कुठलं पॅलेट रॅम्पवर जाणार हे रचायच्या आधी विचारून घ्या.

एका पॅलेटवर जास्तीत जास्त १०,००० पौंड माल. पण एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पत्र्याला दर चौरस इंचाला २५० पौंडांपेक्षा जास्त दाब चालत नाही. जनरेटरचे चार पाय दोन-दोन इंचांचे असतील तर एकूण टेकणारं क्षेत्र १६ चौरस इंच, म्हणजे मर्यादा फक्त ४,००० पौंड. पायाखाली दोन इंच जाडीची मजबूत फळी टाकली की भार प्रत्येक बाजूला आणखी दोन-दोन इंच पसरतो. प्रत्येक पायाखाली ३६ चौरस इंच मिळतात आणि दाबाचा प्रश्नच संपतो. फळीचा खर्च क्षुल्लक, पण ती विसरली जाते.

मालावर प्लॅस्टिकचं आवरण चढवून मग जाळ्या लावा. आधी बाजूच्या दोन, नंतर वरची. पट्टे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून आळीपाळीने ओढा. एकाच बाजूने ओढत गेलात तर माल त्या बाजूला कलतो. मोकळी टोकं गुंडाळून खोचा, नाहीतर ती रोलरमध्ये अडकतात. पोती, तंबू, गाद्या असा मऊ माल फोर्कलिफ्टच्या पहिल्या हादऱ्यातच बसतो आणि जाळी सैल होते. म्हणून पॅलेट हलवल्यावर जाळी पुन्हा कसा. हा नियम कंटाळवाणा आहे, तरी एकदाही सोडू नका.

शेवटी काट्यावर वजन. अंदाजे आकडा लिहू नका, खोक्यांवरच्या वजनांची बेरीजही नको. वजन आणि मुक्काम लिहिलेली पाटी एका १०८ इंची आणि एका ८८ इंची बाजूला लावा. सी-१७मध्ये १८ पॅलेटांची जागा आहे, पण विमानाची कमाल क्षमता १,७०,९०० पौंड. अठराही पॅलेटं काठोकाठ भरली तर मालच १,८०,००० पौंड होतो. जागा शिल्लक दिसली तरी वजन संपलेलं असू शकतं.

गाडीचा गुरुत्वमध्य

प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं घ्या आणि पुढच्या बंपरपासून त्याचं अंतर मोजा. पुढचा अ‍ॅक्सल ६,००० पौंड, अंतर ४० इंच. मागचा ९,००० पौंड, अंतर १९० इंच. गुणाकार २,४०,००० आणि १७,१०,०००, बेरीज १९,५०,०००. तिला एकूण १५,००० पौंडांनी भागा. उत्तर १३० इंच. त्या ठिकाणी गाडीच्या दोन्ही बाजूंना टेपची खूण करा. वजन घेतल्यावर कोणी मागे चार खोकी टाकली, तर हे सगळं पुन्हा करायचं.

साखळ्यांचा हिशेब

माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या तिप्पट रोध लागतो. मागे आणि दोन्ही बाजूंना दीडपट, वर दुप्पट. एमबी-१ साखळीची ताकद १०,००० पौंड, पण ती सरळ ओढत नसते. जमिनीशी ३० अंश आणि विमानाच्या लांबीशी ३० अंश असा कोन ठेवला तर पुढे-मागे ७५ टक्के, वर ५० टक्के आणि बाजूला साधारण ४३ टक्केच ताकद मिळते.

दहा हजार पौंडांच्या गाडीला पुढचा रोध ३०,००० पौंड: चार साखळ्या. मागचा १५,०००: दोन. अनेकजण सहावर थांबतात. आता बाजू बघा. प्रत्येक बाजूला तीन साखळ्या, त्यांचा रोध सुमारे १२,९९० पौंड, हवे १५,०००. म्हणून दोन वाढवून आठ करा, चार पुढच्या रोधाला आणि चार मागच्या. मग बाजूचा रोध १७,३२० होतो. साखळी पॅलेटच्या कडीला लावली तर हिशेब ७,५०० पौंडांवर करायचा, कारण कमकुवत दुवा तोच. एकाच दिशेला साखळ्या आणि पट्टे मिसळू नका. पट्टा ताणतो आणि सगळा भार साखळीवर येतो.

कोनांकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते २९ एप्रिल २०१३ला अफगाणिस्तानात बाग्रामला दिसलं. चिलखती लष्करी गाड्या घेऊन निघालेल्या नागरी ७४७ मालवाहू विमानात उड्डाणानंतर लगेच किमान एक गाडी सुटून मागे गेली. तिने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटाच्या आडव्या पंखाची यंत्रणा मोडली. सातही जण गेले. अमेरिकी तपास यंत्रणेने अपुऱ्या बांधणीकडे बोट दाखवलं. पट्टे होते, पुष्कळ होते. त्यांच्या कोनांचा हिशेब चुकला होता.

टँकरमध्ये माल

केसी-१३५ हवेत इंधन देणारं विमान, पण वरच्या मजल्यावर रोलर बसवून सहा पॅलेटं नेतं. माल सांभाळण्याचं काम बूम (हवेत इंधन देणारी नळी) चालवणाराच करतो. रॅम्प नाही, दार डाव्या बाजूला पुढे आहे, तेव्हा पॅलेट उचलणाऱ्या लोडरशिवाय काही आत जात नाही.

उड्डाणाचं कमाल वजन ३,२२,५०० पौंड आणि देता येणारं इंधन २,००,००० पौंडांपर्यंत. इंधन पूर्ण भरलं की मालाला जागा उरत नाही. ३०,००० पौंड माल घेतला तर जवळपास तेवढंच इंधन कमी करावं लागतं, म्हणून किती विमानांना किती इंधन द्यायचं हे ठरल्याशिवाय पॅलेटांचा आकडा कबूल करू नका. दार पुढे असल्यामुळे पहिली पॅलेटं शेपटाकडे जातात. तेव्हा मागच्या टाक्यांत इंधन आणि पुढच्या रिकाम्या असल्या तर विमान शेपटावर टेकण्याचा धोका असतो. भरायला सुरुवात करण्याआधी इंधन कुठल्या टाकीत किती आहे ते बूम चालवणाऱ्याकडून विचारून घ्या. उतरवताना उलट क्रम: पुढची पॅलेटं आधी निघतात आणि मागचं वजन शेवटपर्यंत राहतं, म्हणून टाक्यांची हीच चौकशी तेव्हाही करा.