दम्याचा इनहेलर दुकानात मिळत नसेल तर काय करावे

इनहेलर संपण्याची वाट न पाहता, निदान दोन आठवड्यांचे औषध शिल्लक असतानाच शोध सुरू करावा. सॅल्ब्युटॅमॉल या धाप लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या औषधाच्या नेहमीच्या इनहेलरमध्ये २०० मात्रा असतात. मात्र त्यावर उरलेल्या मात्रा दाखवणारा काउंटर नसेल तर घेतलेल्या मात्रांची नोंद ठेवावी, कारण औषध संपल्यानंतरही आत वायू उरतो आणि डबा हलवून किंवा पाण्यात तरंगवून खरा अंदाज येत नाही.

औषधविक्रेत्याला फोन करताना नुसते ब्रँडचे नाव सांगू नये. औषधाचे मूळ नाव, एका मात्रेतील मायक्रोग्रॅम आणि उपकरणाचा प्रकार हे तिन्ही चिठ्ठीवरून वाचून दाखवावे, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीचे आहे का, हे त्यांना लगेच पाहता येते. मोठ्या रुग्णालयातील औषधांच्या दुकानातही अवश्य विचारावे.

फवाऱ्याऐवजी पावडरचा इनहेलर देऊ केला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. फवारा घेताना श्वास सावकाश ओढावा लागतो, तर पावडर फुप्फुसात पोहोचण्यासाठी तो जोरात आणि खोल ओढावा लागतो. लहान मुलांना हे अनेकदा जमत नाही. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर मिळाला नाही म्हणून केवळ तात्पुरत्या आरामाच्या इनहेलरवर दिवस काढणे तर मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण त्याने श्वासनलिकांची सूज कमी होत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडून त्याच दिवशी पर्यायी औषधाची चिठ्ठी घ्यावी. धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर दुकाने शोधत न बसता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.